कोल्हापुरी मटण ताटात नेमकं काय काय असतं, आणि पांढरा रस्सा कसा खायचा?

तुम्ही पहिल्यांदाच कोल्हापूरला निघालाय आणि तीन गोष्टी विचारल्यात: मटण ताटात काय काय येतं, पांढरा रस्सा कशाबरोबर खायचा आणि तिखट न झेपणाऱ्याने हे ताट मागवावं का. मी कोल्हापूरचाच, तेव्हा सांगायला हरकत नाही.

सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ज्वारीची भाकरी नाहीतर चपाती, भात, दही-कांदा, लिंबाची फोड. झालं ताट. ‘स्पेशल’ म्हटलं की त्यात खिम्याची नाहीतर अंड्याची वाटी वाढते. हल्ली काही ठिकाणी सोलकढीही देतात. चांगली लागते, पण ती घाटाखालची पाहुणी.

हे सगळं निघतं मात्र एकाच पातेल्यातून. मटणाला आलं-लसूण आणि मीठ लावून ते थोड्या तेलावर परततात आणि शिजायला ठेवतात. झाकणाच्या ताटलीत पाणी ओतायचं, ते वाफेवर तापतं आणि लागेल तसं तेच आत घालायचं. गार पाणी घातलं तर मटण निबर होतं, असं घरोघरी सांगतात. शिजल्यावर जे पाणी उरतं ते अळणी. नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतं. नसतं ते तिखट. घरात लहान पोरांना आणि आजाऱ्याला आधी हेच वाटीत मिळतं, भात कालवून. इथून पुढे वाटा फुटतात. शिजलेल्या फोडी मसाल्यात परतल्या की सुकं, अळणीचा एक भाग तांबड्याला, एक पांढऱ्याला. म्हणून अळणी पाणचट निघालं तर वर कितीही मसाला ओता, तीनही पदार्थ फसतात.

पांढऱ्यात नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं बारीक वाटण, कुठे काजू, आणि तुपावर फुलवलेले लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा. लाल तिखट अजिबात नाही. हळद आवरती घ्यावी लागते, नाहीतर पांढरा पिवळा होतो. म्हणून पांढऱ्याचं पाणी हळद पडायच्या आधीच काढून ठेवणारी घरं आहेत. दूध घातल्यावर सतत ढवळायचं आणि जोराची उकळी येऊ द्यायची नाही. जरा दुर्लक्ष झालं की रस्सा फुटतो, वर तेलकट तवंग आणि खाली चोथा. खानावळीत वाटी समोर आली की आधी हेच बघा. चांगला पांढरा एकजीव दिसतो आणि पातळ असतो. घट्ट, पिठाळ, गोडसर लागला तर तो दुसऱ्या गावचा समजा.

तांबड्याचा जीव चटणीत. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा-खोबरं-धणे-तीळ भाजायचे, लसूण घालायचा आणि सगळं कांडपावर कुटून आणायचं. त्या दिवसांत गल्लीतून जाताना ठसका लागतोच. मिरची एकच नसते. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी, आणि चवीला संकेश्वरी, हे प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. त्यामुळे लालभडक दिसणारा तांबडा तेवढा तिखट असेलच असं नाही. वर तेलाचा लाल तवंग तरंगतो तो कट. तो नको असेल तर वाढप्याला स्पष्ट सांगा, “कट बाजूला करून खालचा वाढा”. कोणी हसणार नाही.

आता तिखटाचं. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून तोंड पोळल्यावर पाण्याचा तांब्या रिकामा करून उपयोग नसतो. नारळाचं दूध असलेला पांढरा दोन घोट घ्या, किंवा दही-कांदा खा. ताटात त्या दोघांची जागा उगीच नाही. ज्याला तिखट बेताचंच चालतं त्यानेही हे ताट खुशाल मागवावं.

खायचा क्रम मी असा धरतो, बाकी मर्जी तुमची. पांढरा आला की गरम असतानाच वाटी तोंडाला लावायची. तो गार झाला की तूप थिजून टाळूला चिकटतं. मग भाकरी आणि सुकं. अर्ध्या भाकरीनंतर उरलेली ताटात कुस्करायची आणि वरून तांबडा ओतायचा. यासाठी चपातीपेक्षा भाकरीच बरी, कारण ती रस्सा पिते. शेवटी भात, त्यावर तांबडा आणि पांढरा मिसळून. काहींना हे मिसळणं पाप वाटतं. मला नाही वाटत. रस्सा बऱ्याच खानावळींत पुन्हा पुन्हा वाढतात, मटण मात्र मोजूनच. तेव्हा पहिल्या भाकरीतच सुक्याचा फडशा पाडू नका.

मटण इथे किती जिव्हाळ्याचा विषय आहे याचा अंदाज हवा असेल तर एवढंच सांगतो: 2019 च्या अखेरीस मटणाचे दर वाढले तेव्हा कोल्हापुरात त्यावरून चक्क आंदोलन झालं. बाहेरच्यांना गंमत वाटली. आम्हाला नाही.

जमलं तर रक्ती-मुंडीही विचारा, म्हणजे बकऱ्याचं रक्त आणि डोक्याचं मटण. सगळीकडे मिळत नाही आणि सगळ्यांना झेपतही नाही, पण मिळाली तर ती भाकरीबरोबरच खायची.

बरोबर कोणी शाकाहारी असेल तर त्याला ‘व्हेज कोल्हापुरी’ मागवायला लावू नका. ती लाल ग्रेव्ही देशभरातल्या हॉटेलांत सारखीच असते. त्याऐवजी अख्खा मसूर, झुणका, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा सांगा. खर्ड्यावर तेल नाहीतर दही घ्यायला विसरायचं नाही. तिखटाच्या बाबतीत त्याच्यापुढे तांबडाही गरीब आहे.