वायफाय फुल, पण नेट नाही? आधी दोन्ही फोनचा गेटवे बघा

तुमचं वर्णन वाचलं आणि माझाच जुना त्रास आठवला. आमच्याकडेही तुमच्यासारखंच झालं होतं: आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून दुसरा राउटर लावला, आणि तेव्हापासून एकाच्या फोनवर नेट चालतंय, दुसऱ्याच्या फोनवर वायफाय फुल पण खाली 'इंटरनेट नाही'. बंद-चालू केलं की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. बंद-चालू, पासवर्ड पुन्हा टाकणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

कळकळीने सांगतो, मुख्य राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. मी घातली होती. हेल्पलाइनला चौथा फोन केला तेव्हा पलीकडून 'रीसेट करा' एवढंच सांगितलं. दहा सेकंद दाबून धरलं, सगळे दिवे विझले, एकेक करून परत लागले, फक्त इंटरनेटचा लागला नाही. आमचं कनेक्शन पीपीपीओईचं होतं, म्हणजे राउटर कंपनीच्या युजरनेम-पासवर्डने लॉगिन करतो तेव्हाच नेट सुरू होतं. त्याचं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच साठवलेलं, तेही पुसलं गेलं. ते परत मिळायला पाच दिवस गेले. दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून तीच हकिगत, आणि मधेच 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज. रीसेट सांगण्याआधी 'युजरनेम लिहून ठेवलंय का' एवढं तरी विचारायला हवं होतं. अजूनही राग येतो.

मुळात दोष त्या राउटरचा नव्हताच. एका संध्याकाळी चालणारा आणि न चालणारा फोन शेजारी ठेवून वायफायचे तपशील उघडले. एकावर गेटवे (फोन नेटच्या मागण्या ज्या राउटरकडे पाठवतो, त्याचा पत्ता) 192.168.1.1, दुसऱ्यावर 192.168.0.1. (आयफोनवर त्या आकड्यापुढे 'राउटर' लिहिलेलं असतं.) दुसरा राउटर केबलने लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला) जोडला होता, पण त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, चालूच. दोघेही पत्ते वाटत होते, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता फोन घ्यायचा. दुसऱ्याचा घेतला की नेटच्या सगळ्या मागण्या त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे बाहेर जायची वाटच नाही. बंद-चालू केल्यावर फोन नव्याने पत्ता मागतो, म्हणून कधी जमतं, कधी नाही.

दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोड (पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवायचा) असेल तर तोच निवडा. नसेल तर आधी त्याचा लॅन पत्ता बदलून 192.168.1.2 करा (मुख्य राउटर 192.168.1.1 वर आहे असं धरून, आणि तो हा .2 पत्ता दुसऱ्या कुठल्या उपकरणाला देत नाही ना, हे बघून), मग डीएचसीपी बंद करा. हाच क्रम ठेवा, नाहीतर त्याच्या सेटिंगच्या पानावर परत पोचायला फार खटपट पडते. केबल लॅनमधून लॅनमध्येच. जाता जाता, 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर एकाला चॅनल 1 आणि दुसऱ्याला 6 किंवा 11 द्या, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत. 'ऑटो'वर माझा तरी विश्वास नाही.

मी नेटवर्कमधला तज्ज्ञ नाही, घरी निस्तरलं तेवढंच सांगतोय. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा असेल तर यातलं काहीच लागू नाही, लाइनच तुटलेली असू शकते.

आणि आज आधी मुख्य राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा. पासवर्ड तिथे ठिपक्यांनी झाकलेला असेल, तो कंपनीकडून आत्ताच मागून घ्या, नेट सुरू असताना. मग दोन्ही फोनचे गेटवे कळवा, पुढचं बघू.