आईवर पहिल्यांदा लिहिताना

आई गेल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसलात, की 'प्रेमळ, कष्टाळू, मायाळू' हे शब्द आधी सुचतील. ते खोटे नाहीत, पण कुणाच्याही आईला लागू पडतात. तुमची आई त्यांत दिसत नाही. म्हणून ती काय करायची ते लिहा. नातवाचं दप्तर भरताना पेन्सिलीला टोक आहे ना, हे ती बोट लावून बघायची? शेवटचं माणूस घरी येईपर्यंत दिवा मालवायची नाही? असं एखादं खरं उदाहरण पानभर विशेषणांना भारी पडतं.

भावंडांना वेगवेगळं गाठून विचारा. सगळे एकत्र बसले, की थोरल्याचीच आठवण सगळ्यांची होऊन जाते. नातवंडांना तर जरूर विचारा. त्यांना मिळालेली आजी बहुतेक वेळा तुमच्या आईपेक्षा बरीच मवाळ असते! त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि शब्द शक्यतो तसेच ठेवा.

सालं, नावं कागदपत्रांवरून तपासून घ्या. तिचा हट्ट, तिचा रागही येऊ द्या. आणि आई होण्याआधीची ती कशी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

शोकसभेत वाचणार असाल तर पाच मिनिटांना साधारण 500 शब्द पुरे. घरी मोठ्याने वाचून बघा. गळा दाटून येईल तिथली वाक्यं छोटी करा, आणि एक प्रत जवळच्या माणसाकडे देऊन ठेवा, म्हणजे तुम्ही थांबलात तर ते पुढे वाचतील.