इंटरफेस घेण्याआधी पियानोची मागची बाजू बघा

डिजिटल पियानो कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा असला, तरी इंटरफेस (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये पोहोचवणारा डबा) घ्यायची घाई करू नका. आधी पियानो वळवून मागे कुठली भोकं आहेत ते बघा. रोलँड एफपी-३०एक्ससारख्या पियानोत यूएसबी ऑडिओ असतो. एका केबलने आवाज थेट कॉम्प्युटरमध्ये उतरतो, पैसे वाचतात. पण प्रत्येक यूएसबीतून आवाज जातोच असं नाही. बऱ्याचदा फक्त मिडी जातं, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढीच माहिती. मॅन्युअल नीट वाचा.

यूएसबी ऑडिओ नसेल तर दोन लाइन इनपुटचा इंटरफेस घ्या. पियानोचा आवाज स्टीरिओ असतो, एकाच इनपुटात त्याचा पसारा हरवतो आणि मला ते फार खटकतं. पियानोला लाइन आउट (आवाज बाहेर नेण्याचं भोक) नसेल तर हेडफोनच्या भोकाला वाय-केबल जोडा: एका टोकाला स्टीरिओ पिन, दुसरीकडे दोन मोनो.

इंटरफेसवरचं इनपुट 'लाइन'वर ठेवा. 'इन्स्ट्रुमेंट' गिटारसाठी असतं. मी महिनाभर तिथेच ठेवलं होतं आणि खर्जातले सूर फाटायचे. गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, लावताना सगळ्यात जोरकस भाग वाजवा, मीटर -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ४८ व्होल्टचं बटण बंद, ते काही मायक्रोफोनना वीज देण्यासाठी असतं. घूं असा आवाज आलाच, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.