‘किरणपंखी’ मासे की आरेदार परांचे?

‘डॅपेडिइडी हे किरणपंखी माशांचे नष्ट झालेले कुटुंब आहे’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का, असा नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अर्थ कळतो, पण चार शब्द बदलायला हवेत.

मुख्य अडचण ‘किरण’ची. तो इंग्रजी ‘रे-फिन्ड’मधल्या ‘रे’चा शब्दशः अनुवाद. हा ‘रे’ लॅटिन ‘रेडियस’वरून आला. त्याचा अर्थ किरण, तसाच चाकाचा आराही. इथे आराच हवा. बाजारातून आणलेल्या चिलापीच्या पाठीवरचा पर चिमटीने उभा करून पाहा. पातळ पडदा ताणून धरणाऱ्या काड्या दिसतील, छत्रीला असतात तशा. पुढच्या कडक आणि टोचणाऱ्या, मागच्या मऊ आणि टोकाशी फाटे फुटलेल्या. या काड्या म्हणजेच ते ‘रे’. त्यांना ‘काटे’ म्हणू नये, कारण मऊ काड्या त्यातून सुटतात. शिवाय माशाच्या हाडांनाही आपण काटेच म्हणतो. ‘अरीय सममिती’त, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारख्या केंद्राभोवतीच्या रचनेत, ‘अर’ आधीपासून रुळलेला आहे, म्हणून ‘आरेदार’ सहज बसतो. ‘रे माशासारखे पर’ असे भाषांतर तर साफ चूक. तो रे म्हणजे पाकट, आणि त्याचे नाव ‘राया’ या वेगळ्याच लॅटिन शब्दातून आले आहे.

आता ‘पंखी’. या माशांच्या ‘ॲक्टिनोप्टेरिजी’ या शास्त्रीय नावातल्या ग्रीक ‘प्टेरिक्स’मध्ये पंख आणि पर दोन्ही येतात. मराठी प्राणिशास्त्रात माशाचा तो पर: पृष्ठपर, पुच्छपर.

‘कुटुंब’ नको, ‘कुल’. प्राण्यांच्या वर्गीकरणात गण, कुल, प्रजाती, जाती अशी ही उतरंड. वर्तमानपत्रे जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात, तिथे घोळ होतो. डॅपेडिइडी कुलातली पॅराडॅपेडियम ही प्रजाती, पॅराडॅपेडियम एगर्टोनी ही जाती. ‘नष्ट’मध्ये कुणीतरी नाश केल्याची छटा येते, ‘विलुप्त’ नेमका.

हा एगर्टोनी गोदावरीच्याच खोऱ्यातला. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या गोदावरीला पुढे सिरोंच्याजवळ प्राणहिता मिळते. प्राणहितेकाठच्या कोटा गावाचे नाव मिळालेल्या ज्युरासिक खडकांत त्याचे जीवाश्म सापडले. नाशिकचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हे मासे त्याच्या कितीतरी आधीचे. ज्या प्रजातीवरून कुलाला नाव मिळाले त्या डॅपेडियमचे नाव फरशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले, आणि ते चपखल आहे: जाड, चौकोनी, चकचकीत खवले एकमेकांत अडकवून बसवलेले. मराठीत ‘फरशीखवल्या’ हे नाव शोभेल. मात्र शास्त्रीय नाव सोबत ठेवावेच.

तेव्हा वाक्य असे: ‘डॅपेडिइडी हे आरेदार परांच्या माशांचे विलुप्त कुल आहे.’