'बेटर कॉल सॉल'चा पहिला एपिसोड बघितला, काहीच घडत नाही असं वाटलं. पुढे बघू का?

तुम्ही लिहिलंय की 'ब्रेकिंग बॅड' दोनदा बघून झालंय, मोठ्या अपेक्षेने त्यातल्याच सॉल वकिलाच्या या सिरीजचा पहिला एपिसोड लावला आणि तासभर काहीच घडलं नाही. शिवाय बायकोने आधीची सिरीज बघितलेली नाही, तर तिला सोबत घेऊन बघता येईल का, असंही विचारलंय. बायकोचं शेवटी सांगतो.

काहीच घडत नाही हे मला पटत नाही. घडतं भरपूर, फक्त कोणी मरत नाही. ब्रेकिंग बॅडने आपल्याला सवयच वाईट लावून ठेवलीये, तिथे पहिल्याच एपिसोडमध्ये वाळवंटात चड्डीवर उभा असलेला मास्तर, हातात पिस्तूल, गाडीत विषारी गॅस, दोघंजण आडवे पडलेले. आणि इथे वकीलसाहेब पार्किंगच्या बूथवर तीन डॉलरवरून भांडतायत. पण मला विचाराल तर त्या तीन डॉलरमध्येच अख्खा एपिसोड आहे.

परत बघाल तेव्हा फक्त पैशांवर लक्ष ठेवा. सुरुवातीचा कोर्टाचा सीन आठवा. जज बसलेत, ज्युरी बसलीये, सगळे मख्खपणे वाट बघतायत आणि आपला जिमी मॅकगिल, म्हणजे पुढे जो सॉल होतो तोच, बाथरूममध्ये एकटाच भाषणाची प्रॅक्टिस करतोय. मग येऊन तो काय बोलतो, वा! एकोणीस वर्षांची पोरं, या वयात कोणाच्या हातून येडेपणा होत नाही वगैरे. ऐकताना आपल्यालाही वाटतं सुटली बहुतेक पोरं. सरकारी वकील एक शब्द बोलत नाही, उठतो, टीव्ही पुढे ढकलतो आणि टेप लावतो. पोरांनी शवागारात घुसून मढ्याचं मुंडकं कापलंय आणि पुढे जे केलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. खेळ खल्लास. एवढं करून फीचा चेक हातात पडतो 700 डॉलरचा, आणि हा तिथे हुज्जत घालतो की आरोपी तीन होते तर तीन गुणिले सातशे व्हायला पाहिजेत. बाहेर येतो तर ती कळकट पिवळी सुझुकी, एक दरवाजा भलत्याच रंगाचा, आणि बूथमध्ये माइक, ब्रेकिंग बॅडमधला तोच. स्टिकर एक कमी आहे, तीन डॉलर टाका नाहीतर आत जाऊन स्टिकर घेऊन या. ब्रेकिंग बॅड बघितलेल्या माणसाला माइक दिसल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण सिरीज त्याला हिरोसारखी एंट्री देत नाही, तिकीट तपासणारा म्हणून बसवते. मला हे फार आवडलं.

ऑफिस कुठे, तर नेल सलूनच्या मागच्या खोलीत. फोन आला की स्वतःच आवाज बदलून सेक्रेटरी होतो. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात ॲफिडेव्हिट पाहिजे का, नोटरी पाहिजे का करत मागे लागणारे काळे कोटवाले असतात ना, जिमी त्यातला आहे, फक्त त्याच्या डोक्यात मोठ्या फर्मचा काचेचा दरवाजा आहे. केटलमन नवराबायकोने आपल्यालाच वकील नेमावं म्हणून तो त्यांना जवळजवळ पटवतो, पेन कागदाला टेकायच्या बेतात असतं आणि बाई म्हणते आम्ही जरा विचार करतो. संपलं.

आणि आता त्या सगळ्या चिल्लरीसमोर 26,000 डॉलरचा चेक ठेवा. भावाच्या फर्मकडून आलेला. ज्याला तीन डॉलर जड जातात तो माणूस हा चेक फाडतो, फर्मच्या मीटिंगमध्ये घुसून ते तुकडे टाकतो आणि म्हणतो की चक तुमचा पार्टनर आहे, त्याचा पूर्ण हिस्सा द्या. तिथे माझ्या लक्षात आलं की हा माणूस नुसता फुकटा किंवा विनोदी वकील म्हणून दाखवायचाच नाहीये.

चकचं घर तर मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारं वाटलं. लाईट नाही, कंदील लावलेले, आत जायच्या आधी जिमी मोबाईल बाहेरच्या टपालपेटीत ठेवतो. भावासाठी बर्फ, पेपर सगळं घेऊन येतो. कोणी समजावून सांगत बसत नाही की या माणसाला काय झालंय, विजेचं वावडं आहे एवढं आपलं आपण समजायचं. आणि ज्याची एवढी उस्तवार चाललीये तो भाऊ शांतपणे सांगतो की तू धंद्यासाठी मॅकगिल नाव वापरू नकोस, फर्मच्या नावात ते आहे, स्वतःची वेगळी ओळख कर. अरे, त्याचंही आडनाव तेच आहे की! आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, तरी कानाखाली वाजवल्यासारखं वाटतं. बॉब ओडेनकर्क आणि मायकल मॅककीन दोघेही मूळचे कॉमेडीवाले, आणि या सीनमध्ये दोघांपैकी एकही हसवायला जात नाही. यानंतरच तो त्या स्केटबोर्डवाल्या जुळ्यांना हाताशी धरून गाडीला धडकायचा बनाव रचतो हे विसरू नका. म्हणजे त्याला वाकड्या वाटेला ढकलतं ते पैशांपेक्षा हे नाव.

अगदी सुरुवातीचा, ब्रेकिंग बॅडनंतरचा सॉल दाखवणारा ब्लॅक अँड व्हाईट भाग तुम्हाला उगाच लांबवलेला वाटला असेल. पण ब्रेकिंग बॅडच्या शेवटाकडे सॉल म्हणतो ना, नशीब चांगलं असेल तर ओमाहा शहरात सिनाबनचं, म्हणजे गोड रोलचं, दुकान सांभाळत असेन, तो जोक इथे शब्दशः खरा करून दाखवलाय. बाहेर बर्फ, सॉल घरी येतो, दारू ओततो आणि जुन्या व्हिडिओ टेपवर स्वतःच्याच जाहिराती बघतो. चष्म्याच्या काचेत टीव्हीचं प्रतिबिंब बघा, फ्रेममध्ये रंग आहे तो तेवढाच. शेवट आधीच सांगून टाकला, आता 'तो वाचेल का' ही उत्सुकता बाद, उरतं ते हा असा झाला कसा. ज्याला हा प्रश्न इंटरेस्टिंग वाटत नाही त्याने खरंच ही सिरीज बघू नये, त्यात कमीपणा काही नाही.

खटकलं ते पण सांगतो. चुकीच्या गाडीला धडकायचं आणि त्यातली म्हातारी नेमकी ब्रेकिंग बॅडमधल्या टुको या गुंडाच्या घरची निघायची, हा योगायोग जरा जास्तच झाला. दार उघडून टुको दिसतो तेव्हा थिएटरमध्ये शिट्टी पडावी म्हणून लिहिल्यासारखं वाटतं, आधीचा सगळा एपिसोड इतका संयमाने केल्यावर. जिमीची मैत्रीण किम, तिला पण पार्किंगमध्ये एक सिगारेट ओढण्यापुरतं आणलंय, पुढे ती काय होते हे माहीत असल्यामुळे मला तर चुटपुट लागली.

माझा सल्ला, दुसरा एपिसोड बघा आणि मग ठरवा. 2015 मध्ये अमेरिकेत हे दोन्ही लागोपाठच्या दोन दिवशी दाखवले होते, 8 आणि 9 फेब्रुवारीला, आणि ते बरोबरच होतं कारण पहिला टुकोच्या पिस्तुलावर अर्धवट सुटतो. दुसऱ्यात जिमीला परत घासाघीस करावी लागते, पण यावेळी डॉलरवरून नाही. तो सीन बघूनही कंटाळा आला तर बिनधास्त सोडून द्या.

बायकोला जरूर बसवा सोबत. गोष्ट 2002 ची आहे, म्हणजे ब्रेकिंग बॅडच्या आधीची, तिला टुको बघून धक्का बसणार नाही एवढंच. फक्त शेवटचा, सहावा सीझन लावायच्या आधी तिला ब्रेकिंग बॅड दाखवून घ्या. तुमचं तिसऱ्यांदा होईल, त्याला इलाज नाही.