दीड वर्षाच्या बाळासाठी कणकेचा गोळा पुरे

ताई, सोसायटीच्या ग्रुपवर इतर आया बाळांच्या खेळांचे फोटो टाकतात, म्हणून तुम्हीही रोज नवा खेळ शोधायची गरज नाही. त्या फोटोंत आधीचा पसारा दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा. एक वाटी गव्हाचं पीठ, अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी हळूहळू घालत, चमचाभर तेल, चिमूटभर हळद. मीठ नको: गोळा तोंडाकडे जाणारच, शिवाय ठाण्याच्या पावसाळी हवेत मीठ ओल धरतं आणि गोळा चिकटतो. कच्ची कणीकही गिळू देऊ नका, म्हणून जवळच बसा.

लिंबाएवढे दोनच गोळे, कड असलेल्या स्टीलच्या ताटात. तुम्ही सुबक हत्ती केलात की बाळ स्वतःचा गोळा तुमच्याच हातात देतं. त्यापेक्षा बोटाने एक खळगा पाडा आणि गप्प राहा. पाच मिनिटांत ताट ढकललं, तर खेळ संपला. पुन्हा पुढे सरकवू नका. उरलेली कणीक फेकून द्या, आंबते.

राजमा-चणे वाटीतून वाटीत ओतायला देतात, ते तीन वर्षांपर्यंत टाळाच. घशात, नाकात अडकतात. त्याऐवजी परातीत बोटभर पाणी आणि दोन प्लास्टिकचे पेले. खाली जुना टॉवेल अंथरा. बाथरूममध्ये खेळणार असेल, तर भरून ठेवलेली बादली आधी रिकामी करा आणि क्षणभरही उठू नका, दाराची बेल वाजली तरी.