गळू आणि रिपोर्टातला ‘घोस’

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाच्या मांडीवरचं गळू डॉक्टरांनी फोडलं. पूच्या रिपोर्टात ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, घोसात’ आणि खाली ‘एमआरएसए’ आहे. फार घाबरले आहे. – एक आई, सांगली

उत्तर : ताई, पू निघाला म्हणजे निम्म्याहून जास्त उपचार झाला.

डॅनिश शास्त्रज्ञ ग्रॅम यांनी १८८४ मध्ये मांडलेली रंगवण्याची पद्धत मी २६ वर्षं रोज वापरते. जाड भिंतीचे जंतू अल्कोहोलने धुतले तरी जांभळेच राहतात; तेच ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’. गोल जंतूंची (‘कोकाय’) माळ दिसली तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस. द्राक्षांसारखा घोस दिसला तर स्टॅफिलोकोकस. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात स्टॅफ फसफसतो, स्ट्रेप नाही. स्टॅफने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गोठवला, तर तो बहुधा ‘ऑरियस’, गळवांचा नेहमीचा धनी.

एमआरएसए म्हणजे त्याच ऑरियसचा असा प्रकार, ज्याच्यावर अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही अँटिबायोटिक्स चालत नाहीत. पण क्लिंडामायसिन, कोट्रायमोक्साझोल अनेकदा चालतं. म्हणून रिपोर्टातला ‘एस’ (औषध चालतं) आणि ‘आर’ (चालत नाही) यांचा तक्ता डॉक्टरांना दाखवाच. गोळ्या लागतील की नाही, तेही तेच ठरवतील. लहान गळू नुसत्या निचऱ्यानेही बरं होतं. मागच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या मात्र कृपा करून देऊ नका. अशा अर्धवट डोसांनंतर आलेले नमुने पाहून मला खरंच वाईट वाटतं.

जखम झाकलेली ठेवा, टॉवेल वेगळा, नखं कापलेली. ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.